पांढऱ्या चिठ्ठीच्या कुंड्या

मानेसर, १८ जानेवारी

प्रिय मैत्रेयीताई,

पत्र बघून हसाल. फोनवर मी भलतंच बोलत बसतो, म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

संस्थेतलं काम सोडून चार महिने झाले. तुम्ही नाशिकला गेलात, मग रोपांच्या त्या काचघरात माझंही मन लागेना. तुम्ही म्हणायचातच, गुणवंत, तुझ्या पायाला भिंगरी आहे. आता गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. मेसवाला भात म्हणून जो गोळा वाढतो, तो भंडाऱ्याच्या माणसाला भात वाटत नाही.

मग तुमचा कुंड्यांतला भात आठवतो. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, ताई, ह्यात जीन कुणाचा घातला, बेडकाचा की माशाचा? तुम्ही चहा सांडेपर्यंत हसलात. म्हणालात, बाहेरचं काहीच नाही, ह्याचाच एक जीन नेमका कापून बंद केलाय. त्यानं पानावरची छिद्रं कमी होतात, पाणी कमी उडतं, पाऊस लांबला तरी रोप तग धरतं. मी म्हटलं, अच्छा, म्हणजे घरातल्याच एकाला गप्प बसवलं. ते तुम्ही विभागाच्या मोठ्या सरांनाही सांगितलंत.

पिवळ्या चिठ्ठीच्या कुंड्यांत बदललेलं धान, पांढऱ्या चिठ्ठीच्या कुंड्यांत तेच वाण, न बदललेलं. दोन्हींचं पाणी चौदा दिवस बंद. शेवटी दोन्ही ओळी सारख्याच हिरव्या. सर म्हणाले, जीन कापून काही फरक पडलेला नाही, विषय बंद करा. तुमची तीन वर्षं. तुम्ही डबा न उघडता, न घेता मेट्रोला निघून गेलात. तो डबा अजून माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलाय.

इथं मला तपासणीला लावलंय. टेबलावर नमुन्याचा एक पीस असतो, बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. परवा त्याची कड खरबरीत लागली म्हणून मी कानस उचलली. सुपरवायझरनं हात धरला. म्हणाला, यार, तू ह्याला सुधारायला निघालास? हाच बदलला तर बाकीचे कशाशी ताडशील? लाइनवरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही.

ताई, पाचव्या दिवशी पांढऱ्या चिठ्ठीच्या रोपांची पानं सुरळीसारखी वळली होती. आमच्याकडे धान असं वळलेलं बघून कुणी बसून राहत नाही. तुम्ही जेवायला गेलात की मी त्या कुंड्यांत पेला-पेला पाणी घालायचो. रोज. किती पाणी उरलं ते कळावं म्हणून कुंड्यांचं वजन मी करायचो, तुम्ही लिहायचात. तुम्ही रागवाल म्हणून आकडा मी कमी सांगायचो. त्या पांढऱ्या कुंड्या कशासाठी होत्या, ते परवा त्या पीसवरून कळलं. यतीन अजून काचघरातच कामाला आहे. तो म्हणतो, तुमच्या बियांची पाकिटं फ्रिजमध्ये आहेत, मार्चअखेर जाळणार. त्याआधी हे पत्र सरांना दाखवा. बोलावलं तर मी येईन, त्यांच्यासमोर सांगेन. एवढ्यासाठीच लिहिलं. पाणी फक्त पांढऱ्यांनाच घातलं. पिवळ्यांना एकदाही नाही. त्यांची पानं वळलीच नव्हती.

तुमचाच,
गुणवंत