अकरावा नियम

ऊर्जानगर, चंद्रपूर, शुक्रवार

चिमूरच्या वामनभाऊंना धाकट्या रंजीताचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? धानाची रोवणी आटोपली का? कमळावहिनी बीपीची गोळी घेते की तुमच्यासारखी बरं वाटलं म्हणून बंद केली? मी सुखरूप परत आले. हे वाक्य दोनदा वाचा, कारण तुमचा शब्द त्यावर अडकला आहे. तुमच्या लेकीला, दिव्यानीला, जपानात नर्सचं काम मिळालं तेव्हा तुम्हीच ओसरीवर म्हणालात, "पोरगी एकटी तिकडे? पयले तू एकटी परदेशात जाऊन वापस येऊन दाखव, मंग पाहू." तुम्हाला वाटलं, शाळेतून निवृत्त झालेली बाई कशाला जाते! तर मी व्हिएतनामला दहा दिवस राहून आले. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, बोलता.

तुम्ही पाठ करून घेतलेले दहाही नियम मी पाळले. (स्वतः नागपूरच्या पुढे न गेलेल्या माणसाने परदेशाचे नियम लिहावेत, याचं आमच्या कॉलनीत फार कौतुक झालं.) आता कळतं की ते सगळे तुमच्या जंगलाकाठच्या शेताचे नियम होते. खाली बसू नये, वाकू नये, वाघाला माणूस छोटा दिसतो. आता हनोईत अख्खं शहर फुटपाथवर बालवाडीच्या स्टुलांवर बसून जेवतं. मी दोन दिवस उभ्यानेच गरम सूप प्याले, निम्मं पदरावर. वळण आलं की हाळी द्यावी, म्हणून मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी "होऽऽ हो" करत गेले. वाघ एकही आला नाही, मोटारसायकली मात्र थांबायच्या. एक म्हातारबा तर रोज सकाळी उलट हाळी देऊ लागले.

सातवा नियम, कागद अंगावर ठेवावेत. वहिनीने परकराला आतून खिसा लावून दिला होताच. हॉटेलात पोचल्यावर मी त्यात पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, हॉटेलचं कार्ड, आपल्या वकिलातीचा नंबर आणि तुमची यादी घातली आणि खिशाचं तोंड दुहेरी टाक्यांनी शिवून टाकलं. (परकर तीन दिवस तोच होता, हे वहिनीला सांगू नका.) फोन चोरीला जाऊ नये म्हणून हॉटेलच्या तिजोरीत ठेवला. इतकी तयारी करून मी तिसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि हरवले. हॉटेलचं नाव मला उच्चारता येईना. ते लिहिलेलं कार्ड माझ्या मांडीला टोचत होतं, पण भर रस्त्यात ते काढायचं कसं?

भाऊ, खोटं कशाला सांगू, घाबरले. तासभर फिरले. मनात आलं, आता मी सापडले नाही तर दिव्यानीचं जपान बुडालं. तुम्ही जन्मभर म्हणाल, पाहा, आत्याचं काय झालं. शेवटी सुचलं तेवढंच केलं, वळणावर उभी राहून जोरात हाळी दिली. एका शिंपिणीच्या दुकानातून बाई बाहेर आली आणि हसायलाच लागली. रोज सकाळी ओरडत जाणारी बाई हीच, असं तिने शेजारणीला सांगितलं असावं. मी म्हटलं, "बाई, मले काई नको, फक्त कैची दे!" आणि दोन बोटांनी कापून दाखवलं. तिने पडद्याआड नेलं. माझे टाके पाहून तिने जी मान हलवली, ती आपल्या शिवणवर्गाच्या बाईंसारखीच. टाके उसवले, कार्ड वाचलं आणि खिडकीतून बोट दाखवलं. हॉटेल त्याच गल्लीत, चौथं दार. मी तासभर त्याच्याभोवतीच फिरत होते.

मग तिने मला छोट्या स्टुलावर बसवून चहा दिला, आणि मी बसले, भाऊ. तेव्हा खिशातून पडलेली तुमची यादी उचलली. मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी एक नियम होता, तो तुम्ही पाठ करून घेतला नव्हता. "११. भेव वाटला तर फोन कर. मी येतो." मी त्या अनोळखी बाईच्या दुकानात रडले. तिला वाटलं चहा कडू झाला. तिने साखर घातली.

शिंपिणीने परकराला चेनचा खिसा लावून दिला. पुढचे सात दिवस कार्ड हातात, फोन गळ्यात, झेरॉक्स वेगळ्या पिशवीत, आणि जेवण बसून.

वहिनीला नमस्कार, दिव्यानीला आशीर्वाद.

तुमची,
रंजीता

ता. क. तुम्ही शब्द दिला होता. पोरीला हो म्हणा. ती घाबरेल, चुकेल, पण विचारेल आणि सापडेल. काल ती मला म्हणाली, "आत्या, बाबा काऊन असे करून राह्यले? त्यायले भेव वाटते, मले नाई." हे तिने तुम्हाला सांगू नको म्हटलं आहे.

ता. क. दुसरा. "मी येतो" असं लिहून दिलंत, पण पासपोर्ट कुठे आहे? जपानातून दिव्यानीचा फोन आला तर काय चिमूरच्या बसस्टँडवर उभे राहणार? तुमचा फॉर्म मी भरून टाकला आहे. मंगळवारी सकाळी चंद्रपूरला या, आधार कार्ड आणा. फोटोत मफलर चालत नाही आणि हसायचं नसतं. हसण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको.