मेली की मिली

बाबा, आपल्या कोहक्याच्या गल्लीतून आता दिवसभर गाड्या जातात आणि आवाज म्हणून येत नाही. आई ओट्यावर बसते आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला शिव्या घालते. "भुतावानी येते अन् भुतावानी जाते, मानसाले समजू तं द्या!" बॅटरीवरच्या रिक्षा, बॅटरीवरच्या स्कूटर, आता तर किराण्याची पोती वाहणारी छोटी मालगाडीसुद्धा बॅटरीवरच. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी एखादीला रस्त्यात थांबवून, लुंगी खोचून तिच्याखाली वाकला असता आणि चालवणाऱ्याला विचारलं असतं, "याची मोटर कुठी हाय रे?" जन्मभर भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या क्रेनच्या मोटारी दुरुस्त केलेल्या माणसाला ती खेळण्यातली वाटली असती. तुम्ही रिटायर झाल्यावर ज्या पुढच्या शेडमध्ये शेजाऱ्यांचे कूलर उघडून बसायचात, तिथे मी आता या गाड्या दुरुस्त करते. बाहेर 'बॅटरी गाडी दुरुस्ती' अशी पाटी आहे, तरी लोक 'इलेक्ट्रिशियनच्या पोरीचं दुकान कुठे' असंच विचारत येतात. मी पन्नाशीला आले, पण अजून पोरगीच.

गाड्या मुबलक आहेत बाबा, हात नाहीत. इंजिनचा मिस्त्री हाक मारली की मिळतो, पण बॅटरीचं झाकण उघडायचं म्हटलं की तोच मिस्त्री दोन पावलं मागे सरतो. मग मी पोरं शिकवते. शिकतात छान, आणि हात बसला न बसला की पुण्याहून फोन येतो. तिकडे गाड्या बनवणारे कारखाने माणसांसाठी आ वासून बसलेत. एक गेला तो निदान पेढे घेऊन आला. दुसऱ्याने रेल्वेत बसल्यावर फोन केला, "मॅडम, मैं तो निकल गया, आशीर्वाद दो." दिला आशीर्वाद, काय करणार! पेढा तोंडात आणि मनात चरफड, अशी माझी गत. खरं सांगायचं तर आनंदही व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चार रिक्षा उभ्या आणि मी एकटी, की तो आनंद कुठल्या कुठे जायचा.

यंदा मात्र गळ्याशी आलं. त्या मालगाड्या बनवणाऱ्या कंपनीला दुर्ग-भिलाईसाठी दुरुस्ती केंद्र हवं होतं. त्यांना माझी शेड पसंत पडली, पण अट अशी की दिवाळीआधी चार माणसं तयार दाखवायची. रिक्षाची बॅटरी वेगळी आणि या गाडीची वेगळी. हिचा करंट माणसाला दुसरी संधी देत नाही, म्हणून परीक्षा घेऊनच माणूस पास करतात. चार नसले तर केंद्र रायपूरला, आणि मी पंक्चर काढायला मोकळी. मी आधी सगळ्यांसारखंच केलं, सर्टिफिकेटवाली विशीतली पोरं शोधली. एकाने मुलाखतीतच विचारलं की इथून पुण्याला कधी पाठवणार. त्या दिवशी मी हात टेकले आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. शिकलेला माणूस पळतो ना, मग जो पळणारच नाही त्याला शिकवावं.

असे लोक तर रोज डोळ्यांसमोर होते. एक अहिवाऱ्याची छत्तीसगढी बाई. नंदिनी नगरच्या बाजाराला स्वतःची बॅटरी रिक्षा चालवते, वय माझ्याच आगेमागे. रिक्षा दुरुस्तीला द्यायची आणि माझ्या खांद्यावरून वाकून इतके प्रश्न विचारायची की मी एकदा चिडून पाना तिच्याच हातात दिला. दुसरे तेलुगू अण्णा, प्लांटमधून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन, घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालायचे. त्यांना माझ्याकडे पाठवायला सून स्वतः आली होती. तिसरा बहिणीचा मुलगा, तुमचा नातू, आणि चौथा त्याचा मित्र. हा नातू तुम्ही पाहिला नाही. अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी. "मावशी, टेन्शन मत लो, मले सब येते." बहीण म्हणाली, "त्या रिक्षावाल्या बाईले कावून घेतलं? तिले झेपन का?" तेव्हा मला तुम्ही ऐकू आलात. मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये घातलं तेव्हा मोठे काका भांडायला आले होते, पोरीला तारा जोडायला लावतोस म्हणून. तुम्ही चहा पीत पीत म्हणालात, "तारेले मालूम नाही रे, हात पोराचा हाय का पोरीचा." काकांचा चहा तसाच राहिला. मी आयटीआयला गेले.

आणि बाबा, आपलं ते स्वयंपाकघर आठवतं? प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरचं? मी सातवी-आठवीत असेन. आई पोळ्यांसाठी पीठ चाळून बसली आहे आणि तुम्ही स्टुलावर चढून हीटरच्या पॉइंटमध्ये हात घालून राहिला आहात. व्हरांड्यात दोन्ही क्वार्टरचे फ्यूज एका ओळीत, आणि त्यातला आपला काढायला शेजारचे बिहारी काका उभे आहेत. तुम्ही आतून ओरडता, "मेली का?" म्हणजे लाईन मेली का. काकांना तोवर ओळीतला आपला फ्यूज नुसता सापडलेला आहे, काढायचा बाकी आहे. ते आनंदाने ओरडतात, "हाँ हाँ, मिली!" तुम्ही तारेला हात लावता आणि पुढच्या क्षणी तुम्ही स्टुलावरून थेट पिठाच्या परातीत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, फक्त डोळे काळे. काका धावत येतात आणि दारातच रामराम म्हणायला लागतात. आई आधी तुमचा हात धरून बोटं हलवून पाहते, सगळं ठीक आहे हे कळल्यावर जी कडाडते! "मानूस मेला असता मंग समजलं असतं कोन मेली ते!" मग तीच खाली बसून पोट धरून हसायला लागली, आणि संध्याकाळी तुमच्या अंगावरून झाडलेल्या पिठाच्या पोळ्या झाल्या असं ती अजून सगळ्यांना सांगते.

तुम्ही हसला नाहीत. हात धुतले, काकांना समोर बसवलं आणि तिथेच कायदा काढला. "आजपासून 'हो हो' चालनार नाही. मी सांगन, अन् ऐकनाऱ्यानं आधी सोता पाहाचं, मंग आपल्या बोलीत मले सांगाचं का त्याले काय समजलं." तुम्ही 'मेली' म्हणणार, काका 'मर गई' म्हणणार, तेव्हाच तारेला हात. पुढे तुम्ही बल्ब बदलायचा असला तरी हे करायला लावायचात. आई मुद्दाम "मेली, मेली, तेरवी करा आता" म्हणायची. मला त्या वयात या प्रकाराची लाज वाटायची, मैत्रिणी आल्या असल्या की विशेष.

तर हा कायदा मी शेडमध्ये लावला. बॅटरीचा जोड तोडायचा, थोडा वेळ थांबायचं, कारण जोड तोडल्यावरही आत करंट दबा धरून असतो. मग मीटरवर शून्य पाहायचं आणि ओरडायचं. शब्द मात्र तुमचाच तोंडून निघाला, "मेली!" अहिवाऱ्याच्या बाईने मान वर केली, "का मिलिस दीदी?" काय मिळालं, असं तिला वाटलं. मला तिथेच हसू फुटलं. सगळ्यांना पिठाची गोष्ट सांगितली. आता मीटर धरणारा कोणीही असो, तो 'मेली' म्हणतो. मग बाकीचे एकेक करून मीटर बघतात आणि आपापलं सांगतात. अण्णा म्हणतात, "पोयिंदी," म्हणजे गेली. नातू आणि मित्र, "मर गई." बाई म्हणते, "मरगे." बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आत रोज कोणीतरी वारतंय. एकदा समोरच्या घरातून खरंच कोणी पांढरी साडी नेसून विचारपूस करायला आलं होतं.

परीक्षा घ्यायला कंपनीने पुण्याहून एक मुलगी पाठवली. चष्मा, हातात टॅब, फार गोड बोलणं. मला वाटलं, चला, मराठी आहे, निम्मं काम झालं. नियमाप्रमाणे केंद्र चालवणारीलाही परीक्षा होती, म्हणून पहिला मीटर माझ्या हातात. मी जोड तोडला, थांबले, तारा लावल्या. पण बाबा, माझं लक्ष मीटरवर कुठे होतं! मी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती काय टिपते म्हणून. केंद्र मिळणार की नाही, ही चार माणसं माझ्या भरवशावर, हेच डोक्यात. आणि मी दणक्यात म्हणाले, "मेली!"

"कोण मेलं?" मुलगी दचकली.

पुढचं झाकण बाईने उघडायचं होतं. तिने मीटरमध्ये डोकावून पाहिलं, हातमोजे घातलेले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि शांतपणे म्हणाली, "अभी नइ मरे हे, दीदी." आकडे अजून खाली उतरत होते. अण्णांनी पाहिलं आणि म्हणाले, "इंका लेदु." अजून नाही. तुमच्या नातवाने जाहीर केलं, "मावशी, मीटर तो देखो ना, जिंदी हाय अभी!" शेडमध्ये माझी अशी शोभा झाली की विचारू नका. वाटलं, संपलं, गेलं केंद्र रायपूरला.

मुलीने मला बाजूला बसवलं आणि चौघांकडून सगळं काम पुन्हा करून घेतलं. मग तिने विचारलं, मालकिणीला असं तोंडावर अडवायची पद्धत कोणी लावली. मी म्हटलं, आमच्या वडिलांनी, आणि पिठाची गोष्ट सांगितली. ती चष्मा काढून हसली. मग टॅबवर काहीतरी लिहीत म्हणाली, "चौघंही पास. केंद्र तुम्हाला मिळेल. पण ताई, तुम्ही नापास. पुढच्या महिन्यात पुन्हा बसावं लागेल." जाताना तिने बाईला हळूच विचारलं, पुण्याला येणार का, पगार चांगला आहे. माझा जीव खालीवर. बाई म्हणाली, "पुणे कोन जाही? मोर भैंसी ला कोन देखही?" बाबा, त्या म्हशींना मी अजून पाहिलेलं नाही, पण माझा त्यांच्यावर फार जीव आहे.

आता रोज दुपारी काम आटोपलं की बाई माझी शिकवणी घेते. कडक आहे. मी मीटरवरून नजर काढली की मनगटावर चापट मारते. तुमचा नातू शेजारी उभा राहून सल्ले देतो. तो आज ना उद्या पुण्याला जाईल हे मला दिसतंय, जाऊ दे, त्याच्या जागी दुसऱ्याला शिकवू. तुमची फार आठवण येते बाबा, विशेषतः सगळे एकामागून एक आपापल्या बोलीत ओरडतात तेव्हा. त्या आवाजात तुम्ही किती खूश झाला असता.

एक सांगते आणि थांबते. आईला, बहिणीला, विहारात भेटलेल्या सगळ्यांना मी सांगितलं, "आम्ही पास झालो." यात खोटं काही नाही, म्हणून आईने गुळाचा शिरा केला आणि मी दोनदा वाढून घेतला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुम्ही वाचणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बाबा, काल पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा तुम्हाला मी सरळ 'मी पहिली आले' असंच लिहिलं होतं.