बेडा कोणत्या गावात येतो

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी हिंगणघाटला साधा बातमीदार होतो. आता वर्ध्याच्या कार्यालयाचा प्रमुख आहे, जिल्ह्याचं पान मी पाहिल्याशिवाय छपाईला जात नाही. पान सोडताना अजूनही मनात देवाचं नाव घेतो, आणि त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा तुम्ही आठवता. सकाळच्या परिपाठात तुम्ही प्रत्येकाला गावची एक बातमी सांगायला लावायचात. एकदा पारधी बेड्यावरच्या मुलाची पाळी येते. तो मान खाली घालून उभा राहतो आणि म्हणतो, आमच्या घरी पाव्हणे आले. सगळा वर्ग हसतो. तुम्ही फळ्याकडे वळता आणि लिहिता, ‘आज गावात पाहुणे आले.’ मग आमच्याकडे बघून एवढंच म्हणता, “हासून काऊन राह्यले रे? त्याचं घर गावात नाई का?” खरं तर आम्हाला तसं कधी वाटलंच नव्हतं. नाल्याच्या अलीकडे गाव होतं आणि पलीकडे पारध्यांची वस्ती, म्हणजे बेडा.

मागच्या वर्षी मी अशाच एका बेड्यावर वाढलेल्या मुलीला बातमीदार म्हणून घेतलं. डेस्कवर कुजबुज झाली, ठाण्यातले पोलीस हिच्याशी काय बोलतील म्हणून. बेड्याची बातमी तोवर आमच्याकडे फक्त ठाण्यातूनच यायची, आणि ते कुणाला खटकतही नव्हतं. दिवाळीनंतर एका गावात शेतातले मोटारपंप चोरीला गेले, दोघे पकडले गेले. आमच्या जुन्या उपसंपादकांनी हेडिंग केलं, ‘पारधी बेड्यावरील चोरटे जेरबंद’. मुलगी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पकडलं दोघांना, मग हेडिंगमध्ये सारा बेडा कशाला, असं तिने विचारलं. ते हसत म्हणाले, बाई, बेड्यावरचे आहेत तर बेडाच लिहीन, कॉलनी लिहू का? ती म्हणाली, मागे कॉलनीतला चोर सापडला होता, तेव्हा तुम्ही कॉलनी कुठे लिहिली? मग ती माझ्याकडे वळली. “सर, हे असंच छापलं तर मी घरी तोंड नाई दाखवू शकत. अन् उद्या इथंही नाई येत.”

ती गेली असती तर तिच्या मागून दुसरं कुणी कुठल्याच बेड्यावरून आमच्याकडे आलं नसतं, हे मला दिसत होतं. मी हेडिंग बदललं, दोघांना अटक एवढंच ठेवलं, आणि खाली नुसतं गावाचं नाव. सकाळी त्या गावच्या सरपंचांचा फोन. साहेब, आमच्या गावाचं नाव काऊन खराब करून राह्यले, ते आमच्या गावचे नाईत, बेड्यावरचे हायेत. मी विचारलं, “भाऊ, बेडा कोणत्या गावात येते?” मग जरा पडेल सुरात उत्तर आलं, “मतदान तं आमच्याच गावात करतात.”

उन्हाळ्यात त्याच बेड्यावरची एक मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. बातमी आमच्या त्या बातमीदार मुलीनेच आणली. हेडिंग करताना उपसंपादकांनी मान वर न करता विचारलं, गावाचंच नाव टाकू ना? दुसऱ्या दिवशी पुन्हा सरपंच. “साहेब, आमच्या गावची पोरगी हाय, फोटो एवढूसाच काऊन छापला?” मी फोन स्पीकरवर टाकला होता. सगळं डेस्क हसलं, सगळ्यात जास्त ती.

एवढ्याने सगळं बदललं असं मी म्हणत नाही. फोन अजून येतात, वेगळ्या गावांतून, वेगळ्या तक्रारी घेऊन. पण आता त्यांतले काही ती घेते, आणि लोक तिच्याशी बोलतात.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहून टाकतो. माझ्यानंतर या खुर्चीवर तिने बसावं, असं मी रोज सकाळी दिवा लावताना देवाजवळ मागतो. वरच्या साहेबांजवळ हा विषय काढायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही.