डाव्या बाजूचा पत्रा

मी, शेख खाजामियाँ वल्द शेख इमामसाब, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गॅरेज व पत्राकाम, राहणार धारूर, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या गॅरेजच्या अंगणात खुर्ची टाकून, माझ्या हातानं लिहीत आहे. यापूर्वी असा कागद कधी केलेला नाही, त्यामुळं रद्द करण्यासारखं काही नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही, मी नशापाणी करत नाही, आणि डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. कानांबद्दल डॉक्टरांनी काही लिहिलेलं नाही. ते मी कलम पाचमध्ये लिहितो.

वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात घर होतं, दुकान होतं, मी कुठंच नव्हतो, म्हणून परत केला. खरं सांगायचं तर घरादाराच्या वाटणीसाठी मला कागदाची गरज नव्हती. एका माणसावर मी चारचौघांत खोटा ठपका ठेवला. तो काढायचा आहे, म्हणून हा कागद.

१. घर. बाजारपेठेमागचं दोन खोल्यांचं घर माझ्यामागं माझ्या वारसांचं, म्हणजे बीवी आमिनाबी, मुलगा जाकीर आणि मुलगी सहर यांचं. शरियतप्रमाणं ज्याचा जो हिस्सा होतो तो होईल, मी त्यात हात घालत नाही. एवढीच विनंती की आमिनाबी आहे तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीला कुणी हात लावू नये. ती मी तिच्या उंचीला बसवलेली आहे.

२. बँकेतली शिल्लक. आधी माझं कफनदफन, मग वरच्याप्रमाणं. जेवणावळ घालू नये. आमच्या बिरादरीत मयतीच्या बिर्याणीला नावं ठेवणारे लई आहेत, आणि उत्तर द्यायला मी नसेन.

३. हत्यारं. पाने, जॅक, वेल्डिंगचा संच जाकीरला. बेटा, तुझ्या बीडच्या दुकानात गाडीला वायर जोडली की तिचा आजार पडद्यावर दिसतो. चांगलं आहे. तरी माझी पत्र्याची कात्री विकू नकोस. बाभळीची मोगरी सहरला द्यावी. लहानपणी शाळेतून आली की ती माझ्याशेजारी बसून डबे ठोकायची आणि माझ्यापेक्षा सरळ ठोकायची. मुलीच्या जातीला कशाला शिकवतो म्हणून मी तिला पुढं शिकवलं नाही. ते माझं चुकलं.

इंजिन उचलायची चेन कप्पी शेजारचे आप्पाराव यांच्याकडं आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती, त्याला आता बावीस वर्षं झाली. ती त्यांनाच दिली असं समजावं. फक्त माझ्या मयतीला येताना सोबत आणावी, सगळ्यांना एकदा दिसू द्या.

४. गाडी. अंगणात लिंबाखाली जी कासवाच्या पाठीची जर्मन गाडी उभी आहे, ती कै. अर्जुनराव यांची. ते घाटाखालच्या वाडीचे बडे जमीनदार. त्यांनी ती हैदराबादहून हौसेनं आणली होती. इंजिन मागं, आणि पाण्याचं काम नाही, सगळं हवेवर थंड होणार. आमच्या भागात तसलं इंजिन कुणी पाहिलेलं नव्हतं. हैदराबादच्या कुणा कारागिरानं ते कधीतरी खोललं आणि सिलिंडरच्या खालचे दोन पत्रे अडगळ समजून फेकून दिले. त्या कारागिराचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर इथं लिहिलं असतं.

गाडी तापायला लागली तशी अर्जुनरावांनी ती माझ्याकडं आणली. साल १९८८, एप्रिल महिना. मी तीन दिवस नुसता इंजिनाकडं बघत बसलो. मग शेजारच्या लोहाराचा भाता आणला, पंख्याच्या तोंडाशी लावला, ऊद जाळला आणि धूर कुठून जातो ते बघितलं. धूर वरून यायचा, सिलिंडरच्या डोक्याला लागायचा आणि दोन सिलिंडरच्या मधून सरळ खाली पळून जायचा. सिलिंडरचं पोट कोरडंच. तेव्हा कळलं की खालचे पत्रे हवा अडवायला नव्हते. ते हवेला सिलिंडरच्या अंगाभोवती वळवून आणायला होते.

माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा पुठ्ठा कापून मी माप काढलं. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा उलगडला, पाइपावर धरून मोगरीनं वळवला, कडा दुमडल्या. पुन्हा भाता, पुन्हा ऊद. धूर सिलिंडरला बिलगून फिरला. तेवढा आनंद मला माझ्या निकाहालाही झाला नव्हता, आमिनाबीनं माफ करावं.

आता माझी खोड सांगतो. नवीन काही घडवलं की मी एक नग जास्त करायचो आणि नमुना म्हणून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचो. आमच्या अब्बांचीच ती रीत. म्हणून पत्रे दोन लागणार होते, मी तीन केले. एक खिळ्याला टांगला, दोन काळा रंग देऊन खिडकीत वाळायला ठेवले. हे पत्रे आधी बसवावे लागतात, मग पुशरॉडच्या नळ्या, मग हेड, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरचं झाकण. एकदा हेड बसलं की पत्रा आत जात नाही. इंजिन बांधून झालं, हात धुतले, तर खिडकीत एक पत्रा उरलेला. मी मनात म्हणालो, हा नमुन्याचा, आणि टांगायला गेलो. खिळ्यावर एक होताच.

म्हणजे शेवटी बांधलेल्या डाव्या बाजूला पत्रा नव्हता. त्याच बाजूला तीन नंबरचा सिलिंडर असतो, जो मुळातच जास्त तापतो, कारण त्याच्या वाट्याची हवा आधी तेल थंड करायला जाते. हे सगळं मला ठाऊक होतं. अख्ख्या जिल्ह्यात तेव्हा मला एकट्यालाच ठाऊक असेल.

दारात अर्जुनरावांचा ड्रायव्हर आश्रुबा उभा होता. लग्नसराई होती, मालकाला गाडी लगेच पाहिजे होती. पुन्हा खोलायचं म्हणजे एक दिवस, आणि त्याहून वाईट म्हणजे चूक कबूल करायची. मी चावी दिली. आश्रुबानं पुसलं, "उस्ताद, घाटात तापली तं थांबू का?"

मी म्हणालो, "कावून थांबतो बे? चालती ठेवली की वारं लागतंय. थांबू नको."

तो सोमवार होता. शुक्रवारी दुपारी अर्जुनरावांच्या बायको तुळजाबाई यांच्या छातीत कळा आल्या. त्यांना घेऊन गाडी घाट चढून धारूरवरून अंबाजोगाईला दवाखान्यात निघाली. मधल्या चार दिवसांत मी कधीही निरोप धाडू शकत होतो. धाडला नाही. माथा अर्धा कोस राहिला असताना डाव्या बाजूचा पिस्टन सिलिंडरला चिकटला आणि इंजिन जाम झालं. लग्नाची तिथी होती, रस्त्यावर एक वाहन रिकामं नव्हतं. दोन तासांनी ट्रक मिळाला. तोवर तुळजाबाई गेल्या होत्या.

आठवड्यानं गाडी ओढून माझ्या अंगणात आणली. पन्नासेक माणसं जमली होती. अर्जुनराव म्हणाले, "खाजा, इंजिन तू बांधलंस. तूच सांग, कावून बसलं?"

मी म्हणालो, "ड्रायव्हरनं तापवलं. थांबायला पाहिजे होतं."

आश्रुबा तिथंच होता. माझंच वाक्य तो माझ्या तोंडावर फेकू शकला असता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्याला खरंच वाटलं की आपणच चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, "उस्ताद म्हणतेत तं तसंच असंल."

त्यानंतर त्याला कुणी गाडीवर घेतलं नाही. बाईचा जीव घेतलेला ड्रायव्हर म्हणून पोरंसुद्धा बोट दाखवायची. तो बायको वत्सलाबाईला घेऊन ऊसतोडीला जाऊ लागला, आणि पंधरा वर्षांनी एका कारखान्यावर तापानं मेला. अर्जुनरावांनी गाडी परत नेलीच नाही. मी ती अजून खोललेली नाही.

५. कान. तापलेलं इंजिन बंद केलं की निवताना टक टक वाजतं, हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे. आश्रुबा गेल्याची खबर आली त्या उन्हाळ्यापासून ही गाडी वाजते. तिच्यात पेट्रोल नाही, बॅटरी नाही, चाकं मातीत रुतलेली. दुपारी तीनच्या सुमाराला टक, टक, आणि मग बराच वेळ काही नाही. आमिनाबी म्हणते, "पत्रा तपरा जी, और क्या." असेल तापत उन्हानं. पण गाडी दिवसभर सावलीत असते. या वैशाखात मी मागचं झाकण उघडून हात घातला. उजवी बाजू मातीच्या माठासारखी गार होती. डावीकडं हात टेकवेना.

आणि आवाज थांबला की तो विचारतो. मोठ्यानं नाही. दारात चावी हातात घेऊन उभं राहून विचारावं तसं. उस्ताद, थांबू का? बावीस वर्षं झाली, मला दुपारी झोप नाही.

६. दुकान. आमच्या कायद्यानं वारसांखेरीज कुणाला माझ्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. गॅरेज आणि त्यापुढचं अंगण तेवढ्यात बसतं, वकीलसाहेबांकडून खात्री केली आहे. ते मी वत्सलाबाई, कै. आश्रुबा यांची विधवा, यांना देतो. ही खैरात नाही. जाकीर, तुला राग येईल. येऊ दे. पण त्या बाईनं सदतीस वर्षांत एक ईद चुकवली नाही, दरवेळी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली आणि दरवेळी म्हणाली, "खाजाभाई, आमच्या मालकाला तुमी लई जीव लावला व्हता." तिच्यासमोर मी दरवेळी शिरखुर्म्याची वाटी ठेवली. यावर तुला काही बोलायचं असेल तर माझ्या कबरीवर येऊन बोल.

७. वाचन. माझ्या दफनानंतर येणाऱ्या पहिल्या आठवडी बाजाराच्या दिवशी, गॅरेजच्या दारात, कलम चार मोठ्यानं वाचावं. सहरनं वाचावं, तिचा आवाज स्वच्छ आहे. खिळ्यावर दोन पत्रे आहेत. एक नमुना, तो राहू द्यावा. दुसरा, काळ्या रंगाचा, काढून लोकांना दाखवावा.

कुणी विचारेल, जिवंतपणी का सांगितलं नाही. आधी मारतील म्हणून भ्यालो. मग गिऱ्हाईक तुटेल म्हणून भ्यालो. मग भीती गेली, पण तोवर गप्प राहायची सवय झाली होती.

८. शेवटचं काम. जाकीरनं इंजिन खोलावं, नवीन पिस्टन टाकावा, डाव्या बाजूचा पत्रा त्याच्या जागी बसवावा, मगच हेड लावावं. मोजून बघावं, उरलेलं काही चालणार नाही. मग वत्सलाबाईंना पुढच्या सीटवर बसवून घाट चढावा. जिथं गाडी बंद पडली होती तिथं, तापलेली असो वा नसो, थांबावं. एवढा एक शब्द आश्रुबाला द्यायचा माझ्याकडून राहून गेला.

साक्षीदार. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते असं वकील म्हणाले. माझ्या एका साक्षीदारानं वाचावा, अशी माझी अट आहे. त्या म्हणजे राजनंदिनी, अर्जुनराव आणि तुळजाबाई यांची मुलगी, आज माजलगावच्या शाळेत मुख्याध्यापिका. त्या दिवशी ती अकरा वर्षांची होती आणि मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बेटी, सही करावी वाटली नाही तर कागद फाडून टाक. मी दुसरा लिहीन, पण यातलं एक अक्षर बदलणार नाही.

ठिकाण: धारूर. तारीख: १४ मे २०२५.

लिहून ठेवणार: शेख खाजामियाँ (सही)

साक्षीदार पहिला: आप्पाराव, राहणार धारूर (सही). मजकूर वाचला नाही. फक्त कलम तीन दाखवण्यात आलं. चेन कप्पी आज आणून ठेवली आहे.

साक्षीदार दुसरी: राजनंदिनी, राहणार माजलगाव (सही). संपूर्ण वाचलं. दोन ओळी माझ्याही लिहिते, त्या मृत्युपत्राचा भाग समजाव्यात. घाटात आश्रुकाकांनी दोनदा विचारलं होतं, "मालक, लई तापलीय, थांबू का?" दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "खाजा थांबू नको म्हणालाय. चल." नंतर या अंगणात सगळे तुमच्या तोंडाकडं बघत होते, तेव्हा मी बाबांकडं बघत होते. ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आजपर्यंत. वत्सलाबाई पंचाहत्तरीला आल्यात, त्यांना तुमच्या मरणाची वाट बघायला लावायची नाही. कलम चार मी आजच त्यांच्यासमोर वाचणार आहे. खिळ्यावरचा काळा पत्रा मी काढून घेतला आहे. खाजाचाचा, चप्पल घाला.