शेजारी नसलेलं घर

११ जानेवारी १९८७, रविवार
आजपासून राग बंद. कायमचा.

वत्सला दिवाळीपासून माहेरी, इब्रामपूरला. कारण क्षुल्लक. मी रेडिओ फेकला. तिच्यावर नव्हे, भिंतीवर. ती भिंतीपाशी उभी होती, त्याला मी काय करणार? एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोवर हात उचललेला नाही. वस्तूंवर उचलला असेल, वस्तूंना लागत नाही.

शांत डोक्याने विचार केला. दोष माझा नाही, घराचा आहे. डावीकडे गुरुदासचा कुत्रा, उजवीकडे भजनी मंडळ, समोर डिचोलीचा बसस्टँड. अशा जागी ऋषीमुनीसुद्धा भडकले असते. एका फॉरेन मासिकात फोटो बघितला. जुनी जीप, आत बिछाना, स्टोव्ह, कपाट, खिडकीला पडदे. वाटेल तिथे न्या, डोंगरावर लावा. शेजारी नाहीत, म्हणजे राग नाही. वत्सलाला असं घर द्यायचं आणि परत आणायचं. तिच्याशिवाय घर खायला उठतं.

१८ जानेवारी, रविवार
आमोण्याला सखारामकडे पोर्तुगीज काळातली विलिस जीप आहे म्हणून कळलं. गेलो. आहे, पण आत कोंबड्या. सखाराम म्हणाला, एक कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवर अंडी उबवतेय, पिल्लं निघाली की मग या. मला स्टिअरिंग धरून बघायचं होतं, म्हणून कोंबडी बाहेर काढली. जरा लांब गेली. सखाराम काठी घेऊन आला. मी फक्त काठी काढून घेतली. ती त्याच्या खांद्यावर मोडली, पण मुळात कुजकी होती.

उजवा डोळा सुजलाय. तिथे सखारामच्या बायकोचा हात लागला. हाताबरोबर विळा होता, पण मूठ लागली. गाडी मजबूत.

२५ जानेवारी, रविवार
आमच्या खाणीवर जुनी लँड रोव्हर पडून आहे. मी तिथे सुपरवायझर होतो. गेल्या वर्षी स्वतःहून राजीनामा दिला. त्याच दिवशी मॅनेजरचा चष्मा फुटला, म्हणून लोक उगाच संबंध जोडतात.

गेटवर कोल्हापूरकडचा नवा वॉचमन. आत सोडेना. म्हणाला, तुमचा फोटो लावलाय केबिनमध्ये. आदर आहे अजून. कुंपणावरून गेलो. लँड रोव्हरमध्ये बसलो. काय ती बैठक! डोळे मिटले तर वत्सला मागे चहा करतेय असं वाटलं. तेवढ्यात चौघांनी पायांना धरून बाहेर ओढलं. शर्टाची बाही त्यांच्याकडे राहिली. एकाचा अंगठा मी चावला, पण तो तोंडापाशी आलाच का?

५ फेब्रुवारी, गुरुवार
गाडीतल्या घराचं वत्सलाला पत्राने कळवलं होतं. आज तिचा भाऊ अनंत आला. म्हणाला, भावोजी, ताईचा निरोप आहे. पण आधी कालच्या राजभाषेच्या कायद्याचं निघालं. तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. मी मराठीची बाजू कोंकणीतून मांडली, कारण मराठीत ओरडायला लागलो की मला शब्द सुचत नाहीत. मुद्दा ठसवण्यासाठी मेज उचललं. खाली ठेवताना त्याच्या पायावर ठेवलं गेलं. सागवानी मेज.

अनंत लंगडत गेला. निरोप काय होता ते विचारायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
इब्रामपूरला जाऊन आलो. वत्सला बाहेर आली नाही. स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या, तेवढंच. अनंतने प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून निरोप सांगितला. गाडी झाली की ताई एक दिवस येईल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तो दिवस भावोजींनी आवाज न चढवता काढला, तर तशीच डिचोलीला घरी येईल. नाही काढला, तर पुन्हा विचारायचं नाही.

एक दिवस! मी हसलो. अनंत हसला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
धारगळला हायवेवर योगेश नावाच्या दलालाकडे तिसरी गाडी बघितली. जोंगा. लष्कराने लिलावात काढलेली. नुसती बघून शत्रू पळेल. आता तिन्हींत निवड कशी करायची? माणसाची बुद्धी राग-लोभाने भरलेली. देवाला विचारावं.

ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावला. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. विलिसला विचारलं, डावी. लँड रोव्हरला विचारलं, डावी. मी म्हटलं, पुन्हा विचार. गुरव म्हणाला, देवाने एकदा सांगितलं ते सांगितलं. मी त्याला समजावलं. समजावताना तो समईवर पडला, समई माझ्या पायावर.

मग जोंगा. पाकळी हलेना. अर्धा गाव बघतोय. एवढा वेळ कोणी लावतं का? मी जमिनीवर जोरात मूठ आपटली. उजवी पडली! स्पष्ट कौल. गुरवाने देवाची माफी मागितली. बहुतेक स्वतःच्या वतीने.

१५ मार्च, रविवार
जोंगा दारात. रिव्हर्स घेताना गुरुदासची कंपाउंड वॉल पडली. ती रस्त्याच्या फार जवळ होती. गुरुदास फावडं घेऊन आला, मी जॅकचा दांडा घेतला. दोघांनाही टाके पडले, एकाच डॉक्टरकडे, एकाच बाकावर. कंपाउंडर म्हणाला, तुम्ही भाऊ-भाऊ का?

अशा शेजारात राहायचं नाही हेच खरं.

१९ एप्रिल, रविवार
सीट काढल्या. खाट बसवली. पितळी स्टोव्ह, भांड्यांना फळी. वत्सलाला आवडतो तसा निळा पडदा. सुताराशी एकदाच झालं, तेही पटाशीवरून. वत्सलाची उशी ट्रंकेतून काढून ठेवली. अजून तिच्या तेलाचा वास येतो. बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसलो. कोणाला सांगण्यासारखं नाही.

२९ मे, शुक्रवार
उद्याचा दिवस ठरला. उद्यापासून गोवा राज्य. लोक पणजीला जातील, रस्ते मोकळे. जागा इब्रामपूरच्या वरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. माणूस नाही, कुत्रा नाही, झाडसुद्धा लांब. राग येणार कुठून?

३० मे, शनिवार, रात्री
क्रमाने लिहितो.

सकाळी वत्सला आली. नवी साडी. मला बघून थोडं हसली. बारीक झालीय. सड्यावर गाडी लावली. दार उघडून दाखवलं. ती खाटेवर बसली, पडद्याला हात लावला, उशी बघितली, मग खाली बघत राहिली. दुपारी जेवलो. मी एकदाही आवाज चढवला नाही. वारा छान होता. इतका सुखाचा दिवस मला आठवत नाही.

चार वाजता तिने स्टोव्ह पेटवला. चहा ठेवला. मी विचारलं, कसं वाटलं घर?

म्हणाली, "बरें आसा."

बरं? जानेवारीपासून डोळा, बाही, टाके, आणि नुसतं बरं? मी विचारलं, बरं म्हणजे काय? ती गप्प. पुन्हा विचारलं. ती दाराकडे सरकली. गप्प राहिल्यामुळे झालं. लाथ स्टोव्हला मारली. पेटता स्टोव्ह पडद्यावर गेला.

पडदा, गादी, सगळं पेटलं. मी बाहेर उडी मारली. तिने आत राहून पाण्याची कळशी ओतली, जळती गादी हाताने बाहेर फेकली. विझल्यावर खाली उतरली. उजवा हात लाल झाला होता. आवाज अगदी साधा.

"खाट बसयली, चूल बसयली. तुमचो राग खंय बसयतले?"

कुठे बसवणार? मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. ती सडा उतरून पायी गेली.

३ जून, बुधवार
दोष सापडला. स्टोव्ह. बंद शेगडी बसवायला हवी होती. पडदा सुती नको होता.

चार दिवसांत एकदाही रागावलो नाही. हे वत्सलाला समक्ष सांगायला इब्रामपूरला गेलो. अनंत शेतावर होता. दार आतून बंद. हळू हाक मारली. चांगली बातमी आहे म्हणून सांगितलं. जरा जोरात ठोठावलं. कडी निखळून दार उघडलं.

वत्सला आत भिंतीला पाठ लावून बसली होती. पट्टी बांधलेला हात डोक्यावर धरलेला. डोळे घट्ट मिटलेले.

काय सांगायला आलो होतो ते आठवेना. कडी उचलून परत बसवायला लागलो. नीट बसली नाही.