तिसरी ओळ

अण्णा, मी आता लेबलं तपासते. एवढंच सांगितलं असतं तरी तुम्हाला कळलं असतं, आणि तुम्ही लगेच विचारलं असतंत, कुणाच्या दवाखान्यात?

दवाखाना नाही. लोकांची कामं स्वतःहून करणारे प्रोग्रॅम निघालेत, त्यांना एजंट म्हणतात. त्यांच्या हाताशी अवजारं दिलेली असतात. एक वही उघडून बघतं, एक निरोप पाठवतं, एक नोंद खोडतं. प्रत्येक अवजारावर दोनचार ओळींची सूचना असते. आत काय आहे ते एजंटला दिसत नाही. तो सूचना वाचतो आणि कुठलं उचलायचं ते ठरवतो. ती सूचना कशी आहे ते मी बघते. आधी वाचते, मग एजंटला खोटी कामं देऊन तो काय करतो ते पाहते, आणि पाचपैकी गुण देते. रत्नागिरीतच, तुमच्या खिडकीपाशी टेबल लावून. माझ्याबरोबर पुण्याहून एक मुलगी काम करते, माझ्या निम्म्या वयाची. ती म्हणते, "ताई, किती वेळ लावता! एजंट हुशार आहे, घेईल समजून." तुम्ही ज्यांचे कंपाउंडर होतात ते डॉक्टरही असंच म्हणायचे, एवढं काय समजावता, माणसांना कळतं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि समजावत राहायचात.

मला तुमचं ते टेबल दिसतं. पेशंट घरून बाटली घेऊन येतात. तुम्ही ती धुता, मिक्श्चर भरता, कात्रीने खाचा पाडलेली कागदी पट्टी खळीने चिकटवता, एक खाच म्हणजे एक डोस. मग बाटली पुढे करता, पण सोडत नाही. बाटलीवर त्यांचा हात, तुमचाही हात. "आता मला सांगा, काय करणार?" त्यांनी सगळं परत सांगायचं. कशासाठी, किती, कधी. शेवटी तुम्ही विचारता, "आणि काय करायचं नाही?" हेही आलं की बाटली सुटते. बाहेर रांग खोळंबलेली असते, आणि कुणीतरी ओरडतं, "कंपाउंडर, परीक्षा आटपा!"

नववीच्या मे महिन्यात तुम्ही मला लेबलं लिहायला बसवलंत. माझं अक्षर चांगलं होतं. त्या दिवशी तुम्ही एकाच्या पायाची जखम बांधत होतात. खाडीपलीकडची एक म्हातारी आली होती, तिच्या गुडघ्यांना चोळायचं औषध तुम्ही आधीच भरून ठेवलेलं. मी लेबल लिहिलं, चिकटवलं, बाटली दिली. ती गेली. थोड्या वेळाने तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काय गो, काय लिहिलंस?"

"सकाळी एकदा. रात्री एकदा."

"आणि?"

तुम्ही बँडेजचं टोक माझ्या हातात दिलंत, "हे धर," आणि निघालात. पाखाडीच्या पायऱ्यांवरून चपलांचा आवाज खाली जात राहिला. माझ्या हातात टोक, आणि पाय पुढे करून बसलेला माणूस म्हणतो, "तुजा बापूस शर्यतीत उतरला काय गो?"

खाडीपलीकडे जाणारी तर सुटायच्या आत तुम्ही तिला गाठलंत. पुढचं जेवताना तुम्ही आईला म्हातारीच्याच आवाजात करून दाखवलंत. "औषद ता औषद! पोटात नाय घ्यायचा तर मग घालू खय?" आई हसून हसून ताटावरून उठली. मी हसले नाही. त्याआधी, दवाखान्यात परत आल्यावर, तुम्ही धापा टाकत विचारलं होतंत, "विसरलीस?" मी हो म्हटलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "ती प्यायली असती तर चूक तिची नसती. आपण काही तिच्याबरोबर तरीत बसत नाही. कागद एकटा जातो." मग ते टोक माझ्या हातातून घेऊन गाठ मारलीत.

हे सगळं गेल्या आठवड्यातल्या एका सूचनेमुळे आठवलं. दवाखान्यांसाठी केलेलं अवजार होतं. सूचना दोनच ओळींची: डॉक्टरांची भेट रद्द करते. रुग्णाचे नाव द्यावे. चाचणीत आम्ही लिहिलं, "उद्या जमत नाहीये, परवा येऊ का?" एजंटने उद्याची भेट रद्द केली. परवा जागाच नव्हती, आणि रद्द केलेली परत मिळेना. चाचणीच होती, रुग्ण खोटा, कुणाचं काही गेलं नाही. पुण्याची मुलगी म्हणाली, "मठ्ठ आहे हा एजंट." मी म्हटलं, त्याचं काय चुकलं? त्याच्या हातात जे होतं ते त्याने वाचलं. मी दोन गुण दिले. सूचना माझीच होती, मीच पूर्वी लिहिलेली. नव्या लोकांना नमुना म्हणून तीच दाखवतात, किती थोडक्यात लिहिलंय म्हणून.

मग खाली ओळ घातली: भेटीची वेळ बदलायची असल्यास हे वापरू नये, रद्द केलेली भेट परत आणता येत नाही. पुन्हा चाचणी घेतली. आता एजंटने आधी विचारलं, "उद्याची भेट तशीच ठेवून परवाची वेळ पाहू का?" मी खुर्चीत मागे टेकले. बाटलीवर दोघांचे हात होते.

"ही ओळ राहून गेली होती का, ताई?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

हे पत्र कुठेच टाकायचं नाही, म्हणून लिहिते. पुढे कॉलेजात साहित्य शिकले, ओळी गाळायला शिकले, त्याचं कौतुकही झालं. पण ते मला आधीपासून येत होतं. अण्णा, मी त्या दिवशी विसरले नव्हते. पोटात घेऊ नये, ही तिसरी ओळ मला पाठ होती. त्या दोन ओळी सारख्या लांबीच्या आल्या होत्या, आणि त्यांच्याखालची कोरी जागा चांगली दिसत होती.