आधी सोंड आवर

प्रिय शीतकपाट,

तुझ्या खिडकीची कडी लागली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कडी जोरात लागली नव्हती. तू कुठलीच गोष्ट जोरात करत नाहीस, म्हणून तर तू शीतकपाट आणि मी भडक्या. पण माझ्या खोलीतलं एसीचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं. पोटातली पाण्याची टाकी भरली की ते आपोआप बंद पडतं. त्या शांततेत ती ‘खट्’ मला कानशिलात बसल्यासारखी ऐकू आली. आपली ओळख झाल्यापासून दिवसाउजेडी ती खिडकी कधी लागलेली मी पाहिली नव्हती.

आपल्या दोन इमारतींमध्ये किती जागा आहे, हे मोजायची आपल्याला कधी गरज पडली नाही. जाळी काढायच्या झाडूची काठी पुरते, एवढं आपल्याला माहीत होतं. केकच्या कापलेल्या कडा डब्यात घालून तो डबा तू माझ्या काठीला अडकवायचीस आणि मी इकडे ओढून घ्यायचो. एकदा डबा खाली पडला आणि तळमजल्यावरच्या आजोबांनी वर न बघताच तो उचलून घरात नेला. दुसऱ्या दिवशी तेच आजोबा त्याच वेळी तिथे खुर्ची टाकून बसले होते. आठवतंय का? किती हसलो होतो आपण. मागून आई म्हणाली होती, “याचं कॉलेज सुटलं, पण खिडकी काही सुटत नाही.” मला वाटलं होतं तुला ऐकू गेलं नसेल. तू क्रीमच्या पिशवीआड तोंड लपवून हसत होतीस.

कॉलेजचं तर तुला माहीतच आहे. सरांनी माझी वहीतली चुकलेली आकृती सगळ्यांसमोर धरून दाखवली, मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली, आणि मग माफी मागण्यापेक्षा घरी बसणं मला जास्त मर्दपणाचं वाटलं. तू तेव्हा एकच म्हणालीस, थंड घे. तू नेहमी तेवढंच म्हणायचीस. विजेच्या वस्तूंच्या दुकानात नोकरी धरली, तिथे मालक ओरडले, थंड घे. आईशी वाजलं, थंड घे. शेवटी मी खरंच थंड विकत घेतलं, म्हणजे ते यंत्र, आणि आता त्याच्याबद्दल लिहायलाच हवं.

आमच्या दुकानात ते आलं तेव्हापासून माझी त्याच्यावर नजर होती. गिऱ्हाइकांना मी घडाघडा सांगायचो. भिंत फोडायला नको, मिस्त्री बोलवायला नको, खाली चाकं आहेत, पाळीव प्राण्यासारखं या खोलीतून त्या खोलीत न्या. मागून ही नळी निघते, ती खिडकीबाहेर सोडा, गरम हवा बाहेर जाते. हे सगळं दुसऱ्यांना सांगताना माझ्या डोळ्यांसमोर तूच असायचीस. कपाळाला रुमाल बांधलेली, फिरत्या पाटावर केक ठेवून त्याच्यावर वाकलेली, आणि दर थोड्या वेळानं क्रीमचं भांडं फ्रिजमध्ये ढकलणारी. तू म्हणाली होतीस की या उन्हाळ्यात गुलाबाच्या पाकळ्या उभ्याच राहत नाहीत, बसतात. लग्नाचा तीन मजली केक तुला पहिल्यांदाच मिळाला होता. तो नीट झाला तर तुझे काका स्वतःहून तुला पुढची खोली दुकानाला देणार होते, नाहीतर तू त्यांच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं ठरलं होतं.

माझा बेत साधा होता. आमची खोली गार करायची आणि तुला म्हणायचं, ये, तुझा तो तीन मजली डोलारा इथे आणून सजव. आई तुझ्या बाजूनंच होती. फक्त तुला सांगण्याआधी एक दिवस चालवून बघू, मुलीसमोर फजिती नको, असं ती म्हणाली आणि मलाही ते पटलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी, तू उठायच्या आत, मी खिडकीत फळी बसवली, फळीच्या भोकातून नळी बाहेर काढली, राहिलेल्या फटीत जुना टॉवेल कोंबला आणि वर चिकटपट्टी मारली. तुला बेत कळू नये म्हणून मी एवढंही भोक ठेवलं नाही. दुपारपर्यंत खोली अशी गार झाली की आई शाल घेऊन बसली. मी तुझ्यासाठी टेबल पुसत होतो, अगदी पाय धरून सगळ्या बाजूंनी. आणि मग टाकी भरली, यंत्र थांबलं, आणि खट्.

मला वाटलं, तुला बेत कळला आणि तू नाही म्हणालीस. मग वाटलं, तुला मीच नको झालोय. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही आणि तापलं की ते जिना उतरायच्या ऐवजी जिन्यावरून उड्या मारतं. मी तुमच्या दारात आलो तेव्हा काका उभे होते, तू मागे, हातात ती क्रीम सारखी करायची चपटी सुरी. तुझ्या मागे केक होता. मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं, खिडकी का लावलीस? तू माझ्याकडे बघितलंस. तुझे डोळे लाल होते, आणि तेही मी रागाचे समजलो. तू म्हणालीस, “आधी सोंड आवर.”

मी ऐकलं, “आधी तोंड आवर.”

सगळ्यांसमोर, काकांसमोर, तू मला तोंड आवरायला सांगितलंस असं मी ऐकलं, आणि मग ते कुठलं आवरतंय. पुढे मी जे बोललो ते लिहायला हात रेटत नाही, पण तुला तर ते पाठच असेल. संध्याकाळपर्यंत वितळणाऱ्या गोष्टी करत बस आयुष्यभर, असं मी म्हणालो. तुझ्या मागे तो केक एका बाजूला कलला होता आणि गुलाब खाली घसरत होते. म्हणजे तुझ्या लेखी मी आधी तो मुद्दाम वितळवला आणि मग दारात येऊन त्यावर हसलो. काकांनी शांतपणे दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की मला नव्या शाखेत पाठवा, त्या दुसऱ्या गावी, मला इथे राहायचंच नाही. कोणीच तिकडे जायला तयार नव्हतं, त्यामुळे मालकांना तर देव पावला. त्यांनी माझ्या जागी माणूसही घेतला. आणि घरी मी ते यंत्र हट्टानं रोज चालवत राहिलो. बंद खिडकीकडे पाठ करून गार खोलीत झोपायचो. तुझी मोठी ऑर्डर मोडली, त्या लोकांनी ऐन वेळी दुसरीकडून केक आणला, तू आता काउंटरवर बसतेस, हे सगळं मला आईकडून कळलं. मी म्हणालो, मला काय त्याचं.

परवा दुकानात एक मावशी आल्या. मी आपली टेप लावली. भिंत फोडायला नको, चाकं आहेत, गरम हवा बाहेर जाते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाहेर म्हणजे कुठे? बाहेरही कोणीतरी राहतंच ना?” मी हसलो. मग हसू तोंडावरच राहिलं. मी घरी आलो, गच्चीच्या जिन्यावरच्या झरोक्यातून पहिल्यांदा आमची खिडकी बाहेरून पाहिली. फळीतून निघालेली ती पांढरी नळी थेट तुझ्या खिडकीत बघत होती. मी झरोक्यातून हात बाहेर काढला. तिथपर्यंतसुद्धा झळ लागत होती. तुझ्या खिडकीच्या कठड्यावरची रोपं वाळून काड्या झाली होती. तू त्या दिवशी हाका मारल्या असशील. इकडे यंत्र घरघरत होतं आणि मी टॉवेल कोंबला होता.

तरी एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. ती काल शिरली. आई खोली झाडत होती, नळी तिच्या पायात आली, आणि ती वैतागून म्हणाली, आधी सोंड आवर बाबा, मग केर काढते. मी पलंगावर बसलो तो बसलोच. आईनं दोनदा विचारलं, काय झालं. मी तिला म्हटलं, तू काय म्हणालीस ते परत म्हण. तिला वाटलं, मला ऊन लागलंय.

मी लगेच तुझ्याकडे आलो होतो. म्हणजे चष्म्याच्या दुकानात. तू वर न बघता विचारलंस, नंबर किती? मागे लोक उभे होते. मला काही सुचेना, म्हणून मी म्हणालो, डोळे तपासायचेत. काकांनी मला खुर्चीत बसवलं, समोरची सगळी अक्षरं वाचायला लावली, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा. मग ते दिवा मालवत हळूच म्हणाले, “लांबचं तुला उत्तम दिसतं. चष्मा नको.” तू पुढच्या माणसाला हाक मारली होतीस. मी तोंड उघडलं, पण तिथे माझ्या तोंडावर कोणी विश्वास का ठेवावा, असं वाटलं आणि उठलो.

म्हणून हे पत्र. माझी गाडी थोड्या वेळात आहे. जाणं मीच मागून घेतलं होतं, आता नको म्हणायला जागा उरली नाही. मी टाकीतलं पाणी काढलंय, जाळी धुतलीय, आणि सोंड नीट गुंडाळून यंत्राच्या पाठीला बांधलीय. तुम्ही दोघं दुकानात आहात, तेवढ्यात ते तुमच्या दाराशी ठेवून, त्याच्यावर हे पत्र चिकटवून मी जाणार आहे. ते तुझंच आहे, पहिल्या दिवसापासून तुझंच होतं. पुढच्या खोलीत लाव आणि सोंड रस्त्याकडच्या खिडकीतून काढ, तिथे समोर कोणी राहत नाही, मी बघून आलोय. पाकळ्या उभ्या राहतील. काकांना विचार, अजून एकदा विचार. माझ्यासाठी काही करू नकोस, खिडकीही उघडू नकोस मन नसेल तर. आमच्या खिडकीतली फळी मी काढलीय. काठी तिथेच कोपऱ्यात आहे.

सोंड आवरली. आता तोंडही आवरतो. हे उभ्यानंच लिहितोय, एक हात यंत्राच्या मुठीवर आहे. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो, हळू, तू लावतेस तसं.

तुझाच,
भडक्या